दारचे झाड उतरवताना

वळवाचा पहिला जोरदार वारा सुटला, की शहरातल्या कितीतरी घरांतली माणसे खिडकीशी येऊन वर पाहू लागतात. कुणाच्या अंगणात वडिलांनी लावलेला आंबा असतो, कुणाच्या कुंपणालगत निलगिरीची रांग, कुणाच्या गच्चीवर ओणवलेला गुलमोहर, तर कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पन्नास-साठ फुटांचा माड. वर्षभर ज्या सावलीचे कौतुक चाललेले असते, तिचाच त्या दहा मिनिटांत धाक वाटू लागतो. वारा पडतो, पाऊस येऊन जातो आणि रात्री जेवताना घरातले कुणीतरी म्हणते, "यंदा ते झाड काढून टाकायलाच हवे." दुसऱ्या दिवशी करवतवाल्याचा शोध सुरू होतो.

मोठे झाड काढायचा विचार सुरू करायला हा वर्षातला सर्वांत वाईट काळ. पालिकेच्या उद्यान खात्यात अर्जांचा ढीग पडलेला असतो. कसबी माणसे कुठल्या ना कुठल्या झाडावर चढलेली असतात. ओले खोड निसरडे झालेले असते, फांदोफांदी घरटी असतात. आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला भाव कसा सांगायचा, हे कंत्राटदाराला शिकवावे लागत नाही. हेच काम दिवाळीनंतर हाती घेतले, तर माणूस निवडायला सवड मिळते, कागदपत्रे रीतसर होतात आणि खोडही कोरडे असते.

प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. मुंबई महापालिकेच्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांपैकी रस्त्याच्या कडेची होती १ लाख ८५ हजार. १५ लाख ६३ हजारांहून अधिक, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त झाडे खाजगी आवारांत होती. रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी पालिका छाटते, निदान छाटावी अशी अपेक्षा असते. आवारातल्या झाडाची काळजी मात्र मालकाने किंवा सोसायटीने वाहायची असते. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर माड कोसळला आणि त्यात तिचा मृत्यू झाला, ते दृश्य पुढे कित्येकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. अशा अपघाताला 'देवाची करणी' म्हणून हात झटकता येतात, असेही नाही. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून तो दगावला होता. ते झाड वाळलेले आहे हे महापालिकेला कळायला हवे होते, म्हणून भरपाईची जबाबदारी तिचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले. निकाल लागायला पस्तीस वर्षे लागली, ही गोष्ट निराळी.

भीती वेगळी, धोका वेगळा

वाऱ्यात डोलणारे झाड पाहून पोटात गोळा येतो. पण डोलणे हा धोका नव्हे. वाऱ्याचा जोर झाड डोलूनच जिरवते. तसेच तिरकेपणाचे. लहानपणापासून उजेडाकडे कललेले झाड त्या कलाला पुरेल असे लाकूड आणि मुळे घडवत आलेले असते. गेल्या वर्षापर्यंत सरळ असलेले झाड यंदा कलले असेल, तर मात्र झोप उडवण्याजोगी गोष्ट आहे. अशा वेळी कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन पाहावी. ती फुगली असेल, तिला भेगा पडल्या असतील किंवा फरशा उचलल्या गेल्या असतील, तर मुळांनी जागा सोडायला सुरुवात केली आहे.

मोठ्या झाडाची मुळे जमिनीत जितकी उंच झाड तितकी खोल जातात, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, बहुधा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. म्हणून नवे गटार, केबलचा चर, पार्किंगसाठी घातलेले काँक्रीट किंवा कुंपणाचा पाया खणताना तोडलेली जाडजूड मुळे हीच पुष्कळदा झाडाच्या पडण्याची खरी सुरुवात असते. खोदकाम जानेवारीत होते, झाड जुलैत पडते आणि दोष वाऱ्याला मिळतो. आपल्या आवारात गेल्या चार-पाच वर्षांत कुठे खणले गेले, हे आठवून पाहिले तर झाडाविषयी बरेच कळते.

मग बुंध्याभोवती एक फेरी मारावी. बुंध्याशी उगवलेली कडक, फळीसारखी भूछत्रे आतल्या कुजीची खूण आहेत. लाकडी हातोड्याने खोड ठोकून पाहावे. पोकळ भागाचा आवाज निराळा येतो. मात्र पोकळ म्हणजे पडणारच, असे नाही. नळीदेखील मजबूत असते. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की खोडाच्या त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश जाडीचे निरोगी लाकूड भोवती शिल्लक असेल आणि ते कुठे फाटलेले नसेल, तर झाड बहुधा उभे राहते. दोन जाड फांद्या इंग्रजी 'व्ही'सारख्या अरुंद कोनात फुटल्या असतील आणि सांध्यात साल दबून आत गेलेली दिसत असेल, तर तो सांधा कच्चा. गुलमोहराची मोडतोड बरेचदा अशीच होते. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. आपल्याकडे रस्तोरस्ती असलेल्या पर्जन्यवृक्षाचे (लोक त्याला रेन ट्रीच म्हणतात) ओझे आडव्या पसरलेल्या लांब फांद्यांत असते. मुंबईत गेल्या दशकात पांढऱ्या पिठ्या ढेकणाने असे कितीतरी वृक्ष वाळवले.

माडाची तऱ्हा निराळी. त्याला सोटमूळ नसते, खोडावरची जखम भरून येत नाही आणि वाढीचा कोंब शेंड्याला एकच. खोडाला भोके पडून त्यांतून तपकिरी रस गळत असेल, तर तो सोंड्या भुंगा असू शकतो. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसत असतील, तर गेंड्या भुंगा. शेंड्याचा कोंब मेला की माड गेला. त्यानंतर तो उभा ठेवण्यात अर्थ नसतो.

या सगळ्या पाहणीतून पुष्कळदा असे निघते, की आख्खे झाड काढण्याची गरजच नाही. एक वाळलेली फांदी, एक कच्चा सांधा, गच्चीवर झुकलेला एक भाग, एवढेच उतरवले की काम भागते. इथे दोन गोष्टी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नयेत. पहिली, शेंडा सपाट छाटून झाड 'बुटके' करणे. छाटल्या जागी कूज शिरते आणि तिथून जी नवी धुमारे फुटतात ती वरवर चिकटलेली असतात; तीन-चार वर्षांत तीच जाड होऊन आधीपेक्षा मोठा धोका उभा राहतो. दुसरी, 'आमच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या तोडा' ही शेजारधर्मी छाटणी. झाडाचा तोल एकाच अंगाला जातो आणि एखाद्या पावसाळ्यात ते शेजाऱ्याच्या घरावर जाऊन पडते. एका खेपेला पाव भागाहून अधिक पालवी काढू नये, हे धोरण ठीक.

कागद आधी, करवत मागून

'माझ्या आवारातले झाड, मी लावलेले, मी तोडीन' असे म्हणण्याची सोय महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ पासून नाही. त्या वर्षीच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या बरीच रुंद आहे. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे, सगळे तिच्यात येते. म्हणजे बुंध्याला रसायन घालून झाड हळूहळू मारणे, हा काही सोसायट्यांतला कुजबुजीचा उपायही गुन्हाच आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. तो येऊन झाड पाहतो, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवल्या जातात आणि मग वृक्ष प्राधिकरण निर्णय देते. फांद्यांच्या छाटणीलाही पालिकेची परवानगी लागते.

२०२१ च्या दुरुस्तीने यात आणखी भर घातली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' मानले गेले, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. आता गंमत अशी, की सत्तरीच्या दशकात ज्या असंख्य सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या पहिल्या सभासदांनी हौसेने लावलेली झाडे आज पन्नाशी ओलांडत आहेत. चिटणीसांच्या लेखी जे कटकटीचे झाड, ते कायद्याच्या लेखी वारसा. आमच्या मते या तरतुदीत शहाणपण आहे. पण तिचा परिणाम असा, की कुजलेल्या बुंध्याच्या झाडासाठीही अर्ज नीट पुराव्यानिशी करावा लागतो. अर्जासोबत चारही बाजूंची छायाचित्रे, बुंध्याची, भेगांची, भूछत्रांची जवळून घेतलेली छायाचित्रे, घरापासूनचे अंतर आणि खाली काय आहे (शाळेची वाट, वाहने, विजेच्या तारा) हे स्पष्ट लिहावे. 'झाड धोकादायक आहे' या तीन शब्दांच्या अर्जाला वजन नसते. अर्ज केल्याची पोच जपून ठेवावी. उद्या काही विपरीत घडलेच, तर आपण वेळीच कळवले होते याचा तो एकमेव पुरावा असतो.

खेड्यात कायदा वेगळा. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा लागू असून आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ अशी काही झाडे अनुसूचीत आहेत. ती आपल्या परसातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. काही जातींचे लाकूड गावाबाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

घरट्यांचे काय, हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो कायद्याचाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रस्तारुंदीकरणासाठी एक झाड पाडताना त्यावरची पिल्ले मेली आणि गुन्हे दाखल झाले. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची वसाहत असेल, तर पिल्ले उडेपर्यंत थांबणे इष्ट.

वर एक माणूस, खाली तीन

मोकळ्या रानात झाड पाडतात. घराजवळ ते उतरवायचे असते, वरून खाली, तुकड्यातुकड्याने, माळ्यावरची जड ट्रंक उतरवावी तसे. हा फरक ज्याला कळतो तो कारागीर, बाकी सगळे नुसते करवतवाले.

ओझ्याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब करू. एक फूट व्यासाची, दहा फूट लांबीची फांदी म्हणजे जवळपास आठ घनफूट लाकूड. ओल्या लाकडाचे वजन पाण्याच्या आसपास धरले, तर ही फांदी दोनशे किलोंच्या वर भरते. दोन फूट व्यासाचा तेवढाच ओंडका आठशे-नऊशे किलोंचा, म्हणजे एका छोट्या मोटारीएवढा. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून छोटी मोटार खाली सोडायची आहे, असे समजून तयारी करावी.

जाणता माणूस आधी कापायच्या फांदीला दोर बांधतो. तो दोर वरच्या मजबूत फाट्यावरून किंवा कप्पीवरून घेऊन खाली आणतो आणि बुंध्याला तीन-चार वेढे देऊन टोक खालच्या माणसाच्या हाती देतो. बंदरात होडीचा दोर खुंटाला गुंडाळतात, तीच युक्ती. वेढ्यांचे घर्षण ओझे पेलते. खालचा माणूस फक्त ढील देतो. फांदी कापली की ती झुलते, थांबते आणि अलगद उतरते. दोर ढिला ठेवून फांदी चार-पाच फूट पडू दिली आणि मग झटका देऊन अडवली, तर दोरावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. दोर तुटतो, नाहीतर वरचा फाटा.

कापण्याचीही रीत आहे. जाड फांदी एकाच घावात वरून कापली, तर ती अर्धवट तुटून खाली लोंबते आणि खोडाची साल हातभर फाडत नेते. म्हणून पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, एक तृतीयांश खोलीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी स्वच्छ सुटते. झाड ठेवायचे असेल तर उरलेला खुंट तिसऱ्या कापात, खोडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो न दुखावता काढायचा. शेवटी सगळ्या फांद्या उतरल्यावर उरतो तो उघडा बुंधा. तोही वरून दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत उतरतो. बारा-पंधरा फूट उरला आणि पडायला मोकळी जागा असली, तरच तो पाडायचा. ज्या दिशेला पाडायचा त्या बाजूला खाच, मागून खाचेपेक्षा किंचित वर काप, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी न कापलेली पट्टी. ही पट्टी बिजागरीचे काम करते. ती पुरती कापून टाकली की झाड कुठे जाईल याचा भरवसा नाही.

माडाला ना फाटा, ना दुसरी फांदी. चढणारा आधी नारळ उतरवतो, मग झावळ्या, मग शेंडा, आणि मग खोडाचे तुकडे करत स्वतः खाली खाली येतो. कोकणात नि गोव्यात पाडेली हे काम पिढ्यान्पिढ्या करत आले. आता त्यांची मुले त्या वाटेला जात नाहीत आणि त्यात नवल नाही. कुजलेल्या माडावर चढायला जो नकार देतो, तो चांगला पाडेली समजावा. अशा माडाला शिडीची गाडी किंवा क्रेन लागते.

आणि आता ज्याच्याविषयी घरमालक क्वचितच विचारतो त्याच्याविषयी. वर चढलेल्या माणसाच्या कमरेला काय आहे? बहुतेक ठिकाणी एक जुना दोर, पायांत काही नाही, डोक्यावर रुमाल आणि हातात यांत्रिक करवत. हा माणूस पडला तर त्याच्या घरी काय होईल, याची तरतूद ना त्याच्याकडे असते ना त्याला आणणाऱ्याकडे. कंत्राटदाराला तीन प्रश्न सरळ विचारावेत: चढणाऱ्याला कंबरपट्टा आणि शिरस्त्राण आहे का? त्याचा विमा आहे का? खाली किती माणसे असतील? वर एक, दोराला एक, फांद्या ओढायला एक आणि वाटेवर लोकांना थांबवायला एक, यापेक्षा कमी माणसांत घराजवळचे मोठे झाड सुरक्षितपणे उतरत नाही. फांदीलाच शिडी टेकवून तीच फांदी कापणारा माणूस दिसला, तर काम तिथेच थांबवावे. ओझे गेले की फांदी उसळते आणि शिडीचा आधार जातो.

तारा जवळ असतील तर महावितरणला किंवा आपल्या भागातल्या वीज कंपनीला आधी कळवून प्रवाह बंद करून घ्यायचा. 'फांदी लाकडाची आहे, काही होत नाही' असे सांगणारे भेटतात. ओल्या फांदीतून वीज वाहते. त्या दिवशी गाड्या दूर लावाव्यात, गच्चीवरचे सौर हीटर आणि पाण्याच्या टाक्या झाकून घ्याव्यात, मुलांना आजीकडे पाठवावे.

लाकूड तुमचे की आमचे?

आता पैशांचे. एकाच झाडासाठी तीन जणांना बोलावले तर तीन निराळे आकडे ऐकू येतात आणि मग चौथा येऊन म्हणतो, "पैसे काही देऊ नका, लाकूड आम्हांला द्या." हा सौदा गोड वाटतो. तो नीट समजून घेतला पाहिजे.

लाकडाला भाव लांबीवर आणि सरळपणावर मिळतो. वखारीत दहा-बारा फुटांचा सरळ ओंडका फळ्यांसाठी जातो. दोन-दोन फुटांचे तुकडे जळाऊ म्हणून. म्हणजे आपल्या छपरासाठी जे सुरक्षित, ते त्या माणसासाठी तोट्याचे. ज्याची मजुरी लाकडातून सुटायची आहे, तो शक्य तितका लांब ओंडका एका दमात खाली आणायला बघणार. दोष त्याच्या स्वभावाचा नाही, सौद्याचा आहे. म्हणून मजुरी वेगळी ठरवावी आणि लाकडाचा हिशेब वेगळा करावा. लाकडाची किंमत मजुरीतून वजा करा, हरकत नाही. पण तुकडे किती लांबीचे पडतील, हे आपण सांगायचे.

लाकूड किती निघेल याचा अंदाज घरबसल्या येतो. वखारवाल्यांचे जुने सूत्र आहे: ओंडक्याचा घेर फुटांत मोजावा, त्याला चाराने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. घेर सहा फूट, लांबी दहा फूट असेल तर दीड गुणिले दीड गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट. (खरे घनफळ याहून जास्त, साडेअठ्ठावीसच्या आसपास असते, साल, कापणी आणि वखारवाल्याचा नफा त्या फरकात जातो.) साग, शिसव, आंबा, फणस, जांभूळ यांना गिऱ्हाईक आहे. गुलमोहर, निलगिरीच्या वाकड्या फांद्या, उंच निमुळता अशोक यांच्या लाकडाची किंमत वाहतुकीतच संपते. तिथे 'लाकडाच्या बदल्यात फुकट' म्हणणारा माणूस पुढे मजुरी मागणारच.

खर्च खरोखर कमी होतो तो इतर वाटांनी. हिवाळ्यात काम काढणे, ही पहिली. शेजारच्या दोन-तीन घरांनी आपापली झाडे एकाच दिवशी दाखवणे, ही दुसरी. टोळी, दोर, टेंपो एकदाच येतो. आख्ख्या झाडाऐवजी धोक्याचा भागच उतरवणे, ही तिसरी. पालापाचोळा आणि बारीक डहाळ्या आवारातच खड्ड्यात जिरवल्या तर टेंपोच्या दोन खेपा वाचतात. क्रेन मात्र गरज असेल तिथे भाडे देऊन आणावी. मोडक्या झाडावर माणूस चढवण्यापेक्षा ती स्वस्त पडते. ठराव लेखी असावा: कुठपर्यंत कापायचे, बुंधा कोण काढणार, कचरा कोण नेणार, छपराचे वा भिंतीचे नुकसान झाल्यास कोण भरून देणार. निम्मे पैसे काम संपून आवार झाडून झाल्यावरच द्यावेत. परवानगीचे शुल्क आणि नव्या झाडांसाठीची अनामत प्रत्येक पालिकेत निराळी असते. तिची चौकशी आधी केली नाही, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायचा.

आधीच पडलेले झाड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घराघरांवर झाडे पडली. टाळेबंदीचे दिवस, वीज नाही, फोन नाहीत. लोकांनी हाती लागेल त्या कोयत्या-कुऱ्हाडीने वाटा मोकळ्या केल्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता. पण ज्याला इलाज आहे, त्याने एक ध्यानात ठेवावे: पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा कापायला अधिक धोक्याचे असते. छपरावर किंवा भिंतीवर अडकलेले खोड धनुष्यासारखे ताणलेले असते. एका बाजूचे लाकूड ताणलेले, दुसरे दबलेले. दबलेल्या बाजूने करवत घातली तर ती चिमटीत सापडते. ताणलेल्या बाजूने एकदम खोल घातली तर खोड फटकन फुटून माणसाच्या अंगावर येते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापल्यावर मुळांची भलीमोठी ढेप कधी कधी पुन्हा उभी राहते आणि खड्ड्यात जाऊ नये ते त्यात अडकते. त्या खड्ड्याशी मुलांना फिरकू देऊ नये. घरावर झाड पडले असेल तर आधी माणसे बाहेर, मग वीज बंद, मग अग्निशमन दल. करवतीचा क्रम त्यानंतर.

बुंधा उरतो त्याचे

झाड गेले की मागे बुंधा राहतो. वड, पिंपळ, उंबर यांचा बुंधा जिवंत राहिला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटतो. बुंधा तसाच कुजू दिला तर वाळवी येते, आणि घर जवळ असेल तर चौकटी तिला लांब नसतात. बुंधा खणून काढायचा तर पाण्याच्या नळ्या, मैलावाहिनी आणि भिंतीचा पाया कुठे आहे ते आधी पाहावे; यंत्राने ओढून उपटताना मुळांबरोबर नळही येतात.

काळ्या मातीवर घर असलेल्यांनी, म्हणजे पठारावरच्या पुष्कळ गावांनी, आणखी एक चौकशी करावी. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड वर्षानुवर्षे तिच्यातले पाणी ओढत असते. ते एकाएकी नाहीसे झाले, की पुढच्या पावसाळ्यांत ती माती पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊन भिंतींना तिरक्या भेगा पडू शकतात. झाड घराच्या आधीपासूनचे असेल, तर ही शक्यता अधिक. कारण घर वाळलेल्या मातीवरच बांधलेले असते. अशा ठिकाणी झाड काढण्याआधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याला पाया दाखवावा. त्याची फी भिंतींच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असते.

बदली झाडे लावायची आहेतच. ती भिंतीला आणि तारांना सोडून, शक्य तर आवाराच्या दूरच्या कडेला, आणि पूर्ण वाढल्यावर किती पसरतील याचा विचार करून लावावीत. जुन्या बुंध्याच्या खड्ड्यात लगेच नवे रोप घालू नये; कुजणारी मुळे, बुरशी आणि वाळवी तिथे वर्ष-दोन वर्षे मुक्कामाला असतात.